मास्तरांचं पासपोर्टातलं नाव

मास्तरांचं खरं नाव वापरात नव्हतं. शिंप्याला सगळं जग मास्तर म्हणतं, तसं गिऱ्हाइकं म्हणायची मास्तर. बायको म्हणायची अहो. भाची म्हणायची मामा. आणि ताई, जिनं आई गेल्यावर त्यांना वाढवलं आणि जी आता समुद्रापलीकडे लेकीजवळ राहत होती, ती म्हणायची ए गाढवा. खरं नाव पासपोर्टात घडी घालून पडलेलं असायचं, वर्षातून एकदा ऊन दाखवायच्या सुटासारखं.

ते नाव मोठ्यानं, स्पष्ट, आडनावासकट घेणारी माणसं जगात एकाच ठिकाणी होती. विमानतळावर.

तसं नाव काही जगावेगळं नव्हतं. कुठल्याही रस्त्यात उभं राहून हाक मारावी आणि दोघा-तिघांनी वळून बघावं, इतपत साधं. पण त्या दोघा-तिघांपैकी एकानं जगाच्या पाठीवर कुठेतरी काहीतरी केलं होतं. काय केलं, कधी केलं, तो उंच की बुटका, म्हातारा की तरुण, हे मास्तरांना कुणी सांगितलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "साहेब, तो कसा दिसतो तेवढं सांगा, म्हणजे मी तो नाही हे मला सांगता येईल." साहेब म्हणाले, "ते गोपनीय आहे." मग मी कोण नाही हे मी कसं ठरवू, असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही ही दुकानातली सवय आडवी आली.

दर वेळी गाडी त्याच रुळावरून जायची. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट घ्यायची, बटणं दाबायची, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजायचं. मग दातांचे डॉक्टर "दुखणार नाही हं" म्हणतात त्या सुरात ती म्हणायची, "सर, फक्त दोन मिनिटं हं." त्या दोन मिनिटांत मागे एकदा ताईच्या यजमानांचं सगळं आटोपलं होतं. मास्तर पोचले तेव्हा ताई दारातच उभी होती. म्हणाली, "ये. खांदा द्यायला बोलावला होता, चहा प्यायला आलास."

त्या वेळी तर प्रकरण आणखीच चिघळलं होतं. रांगेत उभे असताना मास्तर पहाऱ्यावरच्या माणसांकडे बघत होते. न्हाव्याची नजर डोक्यावर जाते, चांभाराची पायांकडे, तशी यांची शिवणीवर. पहारेकऱ्यांच्या विजारी कमरेत ढगळ होत्या, पट्ट्याखाली चुण्या पडल्या होत्या, आणि नेमकं तिथेच पिस्तूल लटकत होतं. खोलीत नेल्यावर पहिला प्रश्न आला, "आमच्या माणसांच्या कमरेकडे का बघत होतात?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. "कमरेत ढगळ आहे. तुमचीही."

साहेबांनी नकळत विजार वर ओढली, आणि त्या ओढण्याचा राग पुढे तासभर मास्तरांवर काढला.

तर अशा माणसाला एक दिवस भाचीचा फोन आला. ताईच्या घशात गाठ होती. घशातली आवाजाची पेटीच काढायची ठरलं होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. भाची हुंदके देत सांगत होती, तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. बोथट कात्रीनं जाड ताडपत्री कापावी तसा.

"दे इकडे तो फोन. ए गाढवा, ऐक. डॉक्टर म्हणाले घसा काढतो, मी म्हटलं काढा. इतकी वर्षं वापरला, फाटणारच. पण त्याआधी तुला समोर बसवून मला एकदा मनसोक्त बोलायचंय. जन्मभराचं साचलंय."

"बोल की ताई, आत्ता बोल."

"फोनवर नाही. फोनवर मी शिव्या घालते आणि तू फोन बाजूला ठेवून बटणं लावत बसतोस. मला काय कळत नाही?"

मास्तरांनी हातातलं बटण हळूच खाली ठेवलं.

"समोर ये. तोंड बघत बोलणार आहे मी. डॉक्टर म्हणतायत आवाज जपा, फार थोडा उरलाय. म्हणून आता मी गप्प बसणार. जेवढा आहे तेवढा तुझ्यासाठी राखून ठेवते."

आणि खरोखरच बाई गप्प बसली. जी बाई दुधवाल्याशी बोलत दारात उभी राहिली तर दूध नासायचं, ती घरात खुणांनी बोलू लागली. भाची फोनवर म्हणाली, "मामा, तू लवकर ये रे. आईच्या पोटात इतकं बोलणं साठलंय की ती फुटेल. काल तुझा फोटो काढून समोर ठेवला आणि नुसतं बोट दाखवून दाखवून त्याला दटावत होती."

मास्तर हसले, आणि मग शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या वयाच्या माणसाला आता दटावणारं दुसरं उरलंच कोण होतं? सगळे मान देत होते. मान देणारे शंभर मिळतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतील अशी तिकिटं काढली. त्याआधीची जागा नव्हती, नंतरच्या जागेचा उपयोग नव्हता.

"जाल हो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण विमानतळावर तुम्ही नेहमीसारखं तोंड उघडलंत की बसलो आपण. तुम्ही त्या लोकांशी गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं बोलता. तुमची तयारीच करून घेते."

दुपारी दुकान अर्धं बंद करून तयारी सुरू झाली. इस्त्रीच्या टेबलामागे मास्तरीणबाई बसल्या. नाकाच्या शेंड्यावर मास्तरांचाच चष्मा, गळ्यात ओळखपत्रासारखी लटकवलेली मापाची टेप. बाईंच्या गळ्यात जादू होती. त्यांनी मागच्या वेळी काचेपलीकडून ऐकलेला साहेब असा काही उभा केला की मास्तरांना खरोखरीचा घाम फुटला.

"नाव?"

मास्तरांनी नाव सांगितलं.

"प्रवासाचं कारण?"

"ताईचा घसा काढणार आहेत, आणि त्याआधी ती मला शिव्या देणार आहे."

"झालं! उतरवा सामान! अहो, असं सांगतात का कुणी? 'कौटुंबिक भेट' म्हणायचं."

"पण खरं कारण..."

"खरं कारण घरात. तिथे कौटुंबिक भेट. आणि माझ्या कमरेकडे काय बघताय?"

"पदर..."

"बघायचं नाही! नजर खाली. बुटांवर. बुटांवर नजर ठेवून कुणाला पकडल्याचं मी ऐकलं नाही. आणि अडखळायचं नाही. अडखळलं की त्यांना वाटतं माणूस मनात काहीतरी बनवतोय. प्रश्न आला की उत्तर, प्रश्न आला की उत्तर. पुन्हा. बॅग कोणी भरली?"

"मी स्वतः."

"मी भरलीय, पण ठीक आहे. बॅगेत कोणी काही दिलं?"

"नाही."

"आधी कधी अडवलं होतं?"

"नावसाधर्म्यामुळे." हा भारदस्त शब्द बाईंनीच शोधला होता. मास्तरांना तो नव्या कवळीसारखा तोंडात टोचायचा.

मध्येच एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून आत आलं. नव्या कोटाची बाही दाखवायला त्यानं दोन्ही हात वर केले, तर तंद्रीतल्या मास्तरीणबाई कडाडल्या, "बॅग तुम्हीच भरलीत का?" बिचारा हात तसेच वर ठेवून म्हणाला, "बाई, मी फक्त बाह्या आखूड करायला आलोय." तिघंही पोट धरून हसले. मग गिऱ्हाइकालाही मजा वाटली, आणि त्यानं खुर्ची ओढून मास्तरांना आणखी चार वाकडे प्रश्न विचारले. मास्तर सगळ्यांत पास झाले.

निघायच्या दिवसापर्यंत उत्तरं अशी मुरली होती की झोपेत कुशीवर वळताना मास्तर "कौटुंबिक भेट" म्हणायचे.

विमानतळावर काउंटरच्या मुलीचं हसू थिजलं. "सर, फक्त दोन मिनिटं हं." मास्तरीणबाईंचा पासपोर्ट मात्र तिनं शिक्का मारल्यासारखा झटकन परत दिला. बाईंनी नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावले. घाबरू नका, सगळं पाठ आहे.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर न चालणारं घड्याळ. साहेब चष्मेवाले, तरुण, अंगानं बारीक. प्रत्येक वाक्याला 'सहकार्य करा' असं शेपूट लावण्याची त्यांना सवय होती. "बसा, सहकार्य करा. पाणी हवं तर सांगा, सहकार्य करा."

मास्तर बसले. नजर बुटांवर.

"नाव?"

नाव सांगितलं.

"प्रवासाचं का..."

"कौटुंबिक भेट."

"बॅ..."

"मी स्वतः. कोणी काही दिलेलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "याआधी आपल्याला..."

"नावसाधर्म्यामुळे."

मास्तरांना वाटलं, जमलं. मनातल्या मनात त्यांनी बायकोला शाबासकी दिली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला कोणी तयार केलंय?"

हा प्रश्न तालमीत आला नव्हता. पाठ केलेलं उत्तर सापडेना, म्हणून मास्तरांच्या तोंडून खरं उत्तर गेलं.

"बायकोनं."

"कुठे?"

"दुकानात. इस्त्रीच्या टेबलावर."

"आणखी कोण होतं?"

"एक गिऱ्हाईक होतं. त्यांच्या बाह्या आखूड करायच्या होत्या."

"त्यांचं नाव?"

"नाव कशाला विचारतो आम्ही? माप घेतो."

"शटर उघडं होतं की बंद?"

"अर्धं बंद."

साहेब लिहीत होते. अर्ध्या बंद शटरमागे, बायको आणि एक अनोळखी माणूस यांच्याकडून या इसमाला प्रश्नोत्तरांचं प्रशिक्षण. मास्तरांना उलटं वाचता येत होतं. आरशासमोर गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून जन्म गेला की उलटंसुलटं सगळं दिसतं. वाचताना त्यांना स्वतःलाच वाटलं, माणूस डेंजर दिसतो हा.

मास्तरीणबाईंना रांगेतून बाहेर काढून आणलं. त्या आल्या त्या तावातच.

"हो, मीच शिकवलं यांना. हे खरं बोलले की तुम्ही धरता."

"म्हणजे तुम्ही यांना खोटं बोलायला शिकवलंत?"

ज्या साहेबाची नक्कल करून बाईंनी अख्खं दुकान हसवलं होतं, त्याचाच भाईबंद समोर बसला होता आणि त्याला नकलेतलं एक वाक्यही बोलायची गरज पडली नव्हती. त्यांना शेजारच्या खोलीत नेलं.

मग मास्तर मोडले. नजर बुटांवरून वर आली. त्यांनी सगळं सांगितलं. ताई, तिचा घसा, उद्याची शस्त्रक्रिया, राखून ठेवलेला आवाज.

चष्मेवाले साहेब ऐकत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हणजे तुम्ही शिव्या खायला विमानानं निघालात?"

"होय."

"पडताळणी करावी लागेल." त्यांनी मास्तरांचाच फोन पुढे सरकवला. "नंबर लावा. स्पीकरवर ठेवा. बोलणार मी. तुम्ही एक शब्द काढायचा नाही, सहकार्य करा."

"साहेब, भाचीशी बोला. ती सगळं सांगेल. ताईला बोलायला लावू नका, तिचा आवाज..."

"ज्यांना भेटायचं त्यांच्याकडूनच पडताळणी लागते."

भाचीनं फोन घेतला. म्हणाली, आईला बोलता येणार नाही. साहेब म्हणाले, मग तुमच्या मामांना येता येणार नाही. पलीकडे कुजबुज झाली, काहीतरी पडलं, आणि ती ताडपत्री फाटू लागली.

"कोण बोलतंय?"

"बाई, अमुक अमुक नावाच्या माणसाला तुम्ही ओळखता का?" साहेबांनी ते नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

"कोण तो?" क्षणभर ताईलाही उमगेना. "हां हां, आमचा तो! ओळखते का म्हणून काय विचारतोस? अरे, आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. त्याचं नाक मी पुसलंय, त्याचे पाढे मी घेतलेत. अंधारात मोरीत जायला घाबरायचा, तर दाराबाहेर उभी राहून मी गाणी म्हटलीयत."

"कृपया हो की नाही, तेवढंच सांगा."

"जा, तुझ्या आईला विचार, पोराला ओळखतेस का, हो की नाही. लाटणं घेऊन मागे लागेल."

"त्यांचा कुठल्या संघटनेशी, गटाशी संबंध?"

"गट? चार माणसांत उभा केला तर पाचव्याच्या पाठीमागे लपतो तो! स्वतःच्या लग्नात मागच्या खुर्चीवर जाऊन बसला होता पाहुण्यासारखा, मी कान धरून पुढे आणला. त्याचा गट विचारतोय! अरे गाढवा..."

मास्तरांनी झटकन मान वर केली. 'काय ताई' अगदी जिभेच्या टोकावर आलं. साहेबांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"अरे गाढवा, अक्कल गहाण ठेवून खुर्चीवर बसलास का रे? माझं माणूस मरत होतं तेव्हा याला तुम्हीच डांबून ठेवलंत ना? आणि मी मूर्ख, त्याच गरिबावर इतकी वर्षं राग धरून बसले! शरम वाटू दे. चष्मा असेल तर पूस, नसेल तर घे. माणूस दिसत नाही तुला, नुसतं नाव दिसतं?"

ती बोलत होती. काय बोलत होती! अशी वाक्यं मास्तरांनी लहानपणीसुद्धा ऐकली नव्हती. सुरकुती नसलेली, पक्क्या टाक्याची, मापात बसणारी. अधूनमधून आवाज उसवायचा, ती श्वास घ्यायची, आणि पुन्हा तिथूनच धरायची. मास्तर टेबलाच्या कडेला धरून पुढे झुकले होते. पावसात उभं राहावं आणि पाणी शेजारच्यावरच पडावं, तसं त्यांना झालं होतं. चष्मेवाले साहेब लाल होऊन मान खाली घालून लिहीत होते. नाते : बहीण. पडताळणी समाधानकारक.

"कुठे ठेवलाय त्याला?"

"ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे तिथेच असणार." ताडपत्रीची आता नुसती दशी उरली होती. "असेल तिथे तर त्याला सांग..."

पुढे हवा आली. नुसती हवा, दोनदा, तीनदा. मग भाचीचा घाबरलेला आवाज, "हॅलो? आईचा आवाज बसला. आई, राहू दे गं. मामा? मामा आहे का तिथे?"

"ताई!" मास्तर ओरडले, पण साहेबांनी तोवर फोन बंद केला होता.

"झालं. तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. तुम्ही जाऊ शकता."

"कुठे?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, ते बंद आहे हे आठवून मनगटाकडे बघितलं. "विमान तर गेलं. काउंटरवर विचारा, पुढच्या विमानात सोय करतील." पुढचं विमान पोचेपर्यंत ताई शुद्धीवर येत असणार होती.

मास्तर उठले नाहीत. टेबलावरच्या फोनकडे बघत त्यांनी विचारलं, "साहेब, इथलं बोलणं तुम्ही रेकॉर्ड करता ना?"

"सगळं रेकॉर्ड होतं."

"मग आत्ताचं ते मला द्याल? दुसरं काही नको. तिचं बोलणं तेवढं."

चष्मेवाले साहेब पहिल्यांदाच थोडे अडखळले. त्यांनी नजर खाली नेली. "ते गोपनीय असतं. देता येत नाही."

"तुम्ही ऐकता का पुन्हा?"

"आम्ही कशाला ऐकू?"

मास्तरांनी फोन खिशात घातला आणि बाहेर आले. मास्तरीणबाई बाकावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले, केसांचा अंबाडा सुटलेला. शेजारी दोन्ही बॅगा, उघडून कशाबशा पुन्हा कोंबलेल्या, एका चेनमधून लोकरीच्या मफलरचं टोक बाहेर आलेलं. त्यांचा भाचीला फोन लावून झाला होता. डॉक्टरांनी ताईला आता कुजबुजायलाही बंदी केली होती. बॅगेवरचा हात काढून त्यांनी नवऱ्याला जागा करून दिली.

बराच वेळ वर लाऊडस्पीकरवरची बाई तिच्या साखरेच्या आवाजात कुणाकुणाची नावं पुकारत राहिली.

"आतून ताईंचा आवाज येत होता," मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या. "भिंतीतून शब्द कळले नाहीत. काय म्हणाल्या हो?"

"मला काही नाही म्हणाली," मास्तर म्हणाले. "होतं ते सगळं त्यालाच बोलून टाकलं."